रोज त्याच रस्त्याने

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. वयाची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती. नवरा पोस्टात नोकरीला, समोर हिंदी आणि युरोपीय श्रोते, भाषण इंग्रजीतून आणि विषय एकच: मी अमेरिकेला का जाते. जे प्रश्न लोक पाठीमागे कुजबुजत होते ते आनंदीबाईंनी स्वतःच एकेक करून मांडले आणि त्यांना उत्तरं दिली. त्यातला एक प्रश्न अगदी सरळ होता. वैद्यकी शिकायची सोय हिंदुस्थानात नाही का?

थोडीफार आहे, त्या म्हणाल्या. मद्रासला एक कॉलेज आहे, इतर ठिकाणी सुईणपणाचे वर्ग आहेत. पण बाईमाणसाने तिथवर पोचायचं कसं? इथून पुढे त्यांनी अभ्यासक्रमांची चर्चा सोडली आणि रस्त्यावर काय घडतं ते सांगायला सुरुवात केली. मुंबईत त्या हातात पुस्तकं घेऊन शाळेत जात, तेव्हा लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढून बघत. काहीजण तर बघण्यासाठी गाडी थांबवत. रस्त्याने चालणारे थबकून हसत आणि ऐकू जाईल अशा आवाजात एकमेकांना विचारत, बूट-मोजे घालून शाळेला निघालेली ही कोण बाई? मध्यंतरी काही दिवस त्यांना शाळेतच राहावं लागलं आणि दोन वेळच्या जेवणासाठी एका नातेवाइकाच्या घरी जावं लागे. म्हणजे दिवसातून दोनदा तोच रस्ता. येणारे-जाणारे भोवती गोळा होत. ओसरीवर सभ्यपणे बसलेले लोक अचकट-विचकट बोलत आणि खडे मारायलाही त्यांना लाज वाटत नसे. दुकानदार आणि फेरीवाले त्यांना बघून थुंकत आणि असे हावभाव करत, की त्यांचं वर्णन करता येणार नाही, असं त्यांनी त्या सभेत सांगितलं. घर जवळ असतं तर गर्दी फोडून केव्हाच आत शिरले असते, इतकी दशा व्हायची.

मग त्यांनी समोर बसलेल्या श्रोत्यांच्याच गावाकडे मोर्चा वळवला. मुंबईपेक्षा इथले बाबूलोक वरचढ आहेत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. नदीकाठी फिरायला गेलं तर इंग्रज माणूस वर मान करून बघत नाही, गोरे शिपाईसुद्धा त्रास देत नाहीत. पण हे बाबू तू कोण, कुठल्या जातीची, कुठून आलीस, कुठे चाललीस, असे प्रश्न विचारतात. आणि ही बाई लग्नाची आहे की विधवा, वाईट चालीची आहे की जातीबाहेर टाकलेली, याचा विचार करण्यात गावातली शिकली-सवरलेली माणसंही अजून गुंतलेली आहेत.

गेल्या शतकाआधीच्या मराठी बायकांच्या भाषणांत आणि लेखनात मला हा भाग सगळ्यात धाडसाचा वाटतो. आगबोटीने नवऱ्याशिवाय अमेरिकेला जाणं हे मोठंच धाडस, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण चांगल्या घरातल्या सुनेने भर सभेत उभं राहून, माझ्याकडे बघून परके पुरुष घाणेरडे हावभाव करतात, असं म्हणायचं, हे त्या काळात किती जड गेलं असेल! असं काही झालं तर घरी येऊन गप्प बसायचं, ही शिकवण. सांगितलंच तर पहिला प्रश्न ठरलेला: तू तिकडे गेलीसच कशाला? आनंदीबाईंनी तो प्रश्न उलटा फिरवला आणि ओसरीवर बसलेल्यांना विचारला. पुढे ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

आपल्या शाळेच्या पुस्तकांत हा सगळा प्रकार एका वाक्यात उरकलेला असतो. समाजाचा विरोध सहन करून अमुक बाईंनी शिक्षण घेतलं, तमुक बाईंनी शाळा काढली. विरोध म्हटला की सभा, ठराव, वर्तमानपत्रांतले वाद, शास्त्रीपंडितांची पत्रकं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तेही होतंच. पण बायकांच्या वाट्याला जे आलं ते बहुतेक वेळा सभेत आलं नाही. ते आलं रस्त्याच्या कडेला, विहिरीवर, स्वयंपाकघरात, माजघरात, आणि आलं ते रोज. एखाद्या मोठ्या संकटाला एकदाच छातीचा कोट करून सामोरं जाता येतं. पण सकाळी उठून, आज पुन्हा तीच माणसं त्याच ओट्यावर बसलेली असतील हे ठाऊक असताना, पदर सावरून घराबाहेर पडणं यासाठी वेगळं बळ लागतं. त्या बळाचा इतिहास आपण फारसा लिहिलेला नाही.

त्याची सुरुवात पुण्यातच करायला हवी. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. जन्म ३ जानेवारी १८३१, साताऱ्याकडच्या नायगावचा. लग्न नवव्या वर्षी. अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झालेली. पेशवाई बुडून तीसच वर्षं झाली होती आणि त्या पुण्यात एक माळ्याची सून मास्तरीण होऊन भर पेठेतून चालत निघाली. बाई शिकली की नवरा मरतो, शिकलेल्या बाईच्या ताटात अन्नाच्या अळ्या होतात, असं तेव्हा लोक खरोखर मानत. ही बाई नुसती शिकलेली नव्हती, दुसऱ्यांच्या लेकींनाही शिकवायला निघाली होती.

लोक शेण मारत, चिखल फेकत, खडे मारत. शिव्या तर रोजच्याच. चरित्रकार सांगतात, की सावित्रीबाई पिशवीत एक जादा लुगडं ठेवत. शाळेत पोचल्यावर घाण झालेलं लुगडं बदलायचं आणि वर्गात जायचं. हे दुसरं लुगडं आज गोष्टीत आणि नाटकात फार सहज येतं, म्हणून त्यावर जरा थांबावंसं वाटतं. बाई घरातून निघतानाच लुगडं बरोबर घेते, याचा अर्थ आज अंगावर शेण पडणार हे तिने धरून चाललेलं आहे. पडलं तर काय करायचं तेही ठरलेलं आहे. ती कुणाकडे दाद मागत नाही, की आजचा दिवस घरी बसते असंही म्हणत नाही. परत आल्यावर ते लुगडं धुवायचं, वाळत घालायचं, म्हणजे परवाला पुन्हा उपयोगी पडेल. शाळेच्या खर्चात हा हिशेब कुणी धरला नाही. एकदा एकाने वाट अडवली, तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यायलाही त्यांनी कमी केलं नाही, असंही चरित्रांत येतं.

रस्त्यावरची माणसं परकी तरी होती. पुढचा घाव घरून आला. जोतीरावांचे वडील गोविंदराव चांगला माणूस, पण जातभाईंच्या दडपणाखाली त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडायला सांगितलं. माहेरीही सुख नव्हतं. १८५६ च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे सावित्रीबाई नायगावला येऊन राहिल्या होत्या, तेव्हा त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात भावाशी झालेली बोलाचाली आहे. भावाचं म्हणणं, तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी नको ती कामं करता, म्हणून तुम्हाला वाळीत टाकलं ते बरोबरच झालं. जातीच्या रूढीप्रमाणे आणि भट सांगेल तसं वागावं. आजारातून उठणाऱ्या बहिणीला हे ऐकवणारा तो भाऊ काही दुष्ट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. सावित्रीबाईंनी त्याला उत्तर दिलं ते बिनतोड होतं: शेळ्या-गाईंना तू कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, मग महार-मांग ही तुझ्यासारखीच माणसं असून तुला अस्पृश्य का? आई हे सगळं ऐकत बसली होती. याच पत्रात त्यांना पुण्यातल्या कामाची काळजी आहे. आपल्या गैरहजेरीत सगळा भार शाळेतल्या सहकारी फातिमाबाईंवर पडला असेल, पण ती कुरकुर करायची नाही, असं त्या लिहितात. घरून पाठिंबा तुटल्यावर बायकांनी एकमेकींना कसं धरून ठेवलं, याचा हा एक लहानसा पुरावा.

२९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात तर अंगावर काटा येतो. गावोगाव फिरून पंचांग सांगणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महाराची मुलगी यांचं प्रेम जमलं होतं. शारजा सहा महिन्यांची गरोदर होती. गावकऱ्यांनी दोघांना मारत, धिंड काढत ठार मारायला चालवलं होतं. सावित्रीबाईंना कळलं तशा त्या धावत तिथे गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून जमावाला थांबवलं आणि दोघांचा जीव वाचवला. गावाने एवढंच कबूल केलं, की दोघांनी गाव सोडावं. त्यांना त्यांनी जोतीरावांकडे पाठवून दिलं. वीस वर्षांपूर्वी ज्या बाईवर पेठेत शेण पडत होतं, ती आता पिसाळलेल्या गर्दीच्या मधोमध जाऊन उभी राहत होती. गर्दीची भीती कशी मोडायची, हे तिला रोजच्या रस्त्यानेच शिकवलं असावं, असं मला वाटतं.

कायद्याचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली. तिच्यात ५०९ हे कलम होतं. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारला, हावभाव केला, कृती केली, तर एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मुंबईत आनंदीबाईंकडे बघून हावभाव करणारे फेरीवाले कायद्याने तेव्हाही गुन्हेगारच होते. कलम कागदावर येऊन वीस वर्षं होत आली होती. पण मुलीने कचेरीत जाऊन हे सांगायचं कुणाला आणि सांगितल्यावर तिच्या घरच्यांनी तोंड कुठे दाखवायचं? बदनामी जिचा अपमान झाला तिचीच होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओसरीवर बसून खडे मारणाऱ्याला ते सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्याचा सगळा धीटपणा त्या एका गोष्टीवर उभा होता.

घराबाहेरचं इतकं बोलल्यावर आतलं झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. आनंदीबाईंना शिकवलं ते त्यांच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी. त्या नऊ वर्षांच्या असताना वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या या बिजवराशी त्यांचं लग्न झालं. बायकोला शिकवण्याच्या एका ध्यासापायी त्याने अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या सोसल्या, लोकांची टर सोसली. आणि याच माणसाने तिला मारलंही. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी ते वयासकट मोजून दाखवलं आहे: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षी विचित्र शिक्षा. चौदावं वर्ष म्हणजे ज्या वर्षी त्यांचं मूल जन्मून दहा दिवसांत गेलं ते. पत्रात त्या चिडलेल्या नाहीत. तुमचं वागणं शेवटच्या हेतूकडे बघितलं तर बरोबर म्हणता येईल, पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम बघितला तर चुकीचं, असा सरळ निवाडा त्या देतात. बायकोने नवऱ्यापुढे अवाक्षर काढायची सोय नव्हती, तोंड मिटून सोसण्याखेरीज इलाज नव्हता, हेही त्यात आहे.

गोपाळरावांचं ऋण मान्य करणारे चरित्रकार हे पत्र जरा घाईने ओलांडतात. मला ते घाईने ओलांडता येत नाही. सुधारणेच्या बाजूला असलेल्या पुरुषाच्या हातूनही बाईचा छळ होऊ शकतो, आणि उपकार आणि मार एकाच हाताने येतात तेव्हा तक्रार करणं सगळ्यांत अवघड होतं. ज्या मुलीने एकविसाव्या वर्षी, ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियात एम. डी. ची पदवी घेतली, तिने त्या हाताला उत्तर दिलं ते साता समुद्रापलीकडे गेल्यावर. घरात राहून तिला ते देता आलं नसतं.

रमाबाई रानडे यांच्या वाट्याला तसा मार आला नाही. त्यांचा छळ शब्दांचा होता, आणि तो सोवळ्यातल्या बायकांनी केला. १८७३ साली अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या पुण्यातल्या घरात सून म्हणून आल्या. नवरा एकतीस वर्षांचा, सरकारी न्यायाधीश, विद्वान म्हणून नावाजलेला. पहिली बायको नुकतीच वारलेली. या नव्या मुलीला अक्षरही येत नव्हतं. रानड्यांनी तिला स्वतः शिकवायला घेतलं आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिच्यावर उठल्या.

'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे रमाबाईंचं पुस्तक १९१० साली निघालं. नवऱ्याच्या आठवणी म्हणून लिहिलेल्या या पुस्तकात, ओळींच्या मधून, एका मुलीच्या रोजच्या सोसण्याची नोंद झाली आहे. तो शिक म्हणाला तरी तू शिकू नकोस, दोन-चार दिवस चिडेल आणि कंटाळून सोडून देईल, असा सल्ला तिला घरात मिळे. ऐकलं नाही की टोमणे सुरू. इंग्रजी शिकवायला मिशनमधली बाई येऊ लागली, तेव्हा तिच्या शेजारी बसून धडा घेतलेल्या रमाबाईंना विटाळ. अंघोळ केल्याशिवाय सोवळ्यातल्या कामाला हात लावता येत नसे. काम तर चुकवताही येत नसे. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी घेऊन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. त्या मागणीतून पुढे हुजूरपागेची शाळा उभी राहिली. घरी आल्यावर त्या दिवशी काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी लिहून ठेवलं आहे.

रानड्यांनी बायकोला सांगून ठेवलं होतं, की उलट उत्तर द्यायचं नाही. ते स्वतःही घरातल्या वडीलधाऱ्यांना उलट बोलत नसत. त्यांचा तो स्वभाव होता आणि त्यामागे विचारही होता. पण त्या मौनाची किंमत ते कचेरीत गेल्यावर कोण भरत होतं? दिवसभर माजघरात कोण उभं होतं? रमाबाईंनी नवऱ्यापाशीही फारसं गाऱ्हाणं केलं नाही. मुळाक्षरांपासून सुरू करून त्या मराठी शिकल्या, इंग्रजी शिकल्या, सभेत बोलायला शिकल्या, आणि हे सगळं चुलीपासून न हलता. टोमणे मारणाऱ्या त्या बायकांवरही मला राग धरवत नाही. त्यांतल्या कुणी लहानपणीच विधवा झालेल्या, कुणी आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राबलेल्या. त्यांना जे मिळालं नाही ते ही काल आलेली पोर घेऊन चालली होती. तरीही छळ तो छळच. १९०९ साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन चालवायला घेतलं, तिथे विधवांना आणि परित्यक्तांना शिकवलं, बायकांना परिचारिका म्हणून तयार केलं. घरात एकटं पडलेल्या बाईला काय लागतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

विधवांच्या हालांना तर सुमारच नव्हता. केस भादरणं, आलवण, एक वेळचं जेवण, शुभकार्यात तोंड न दाखवणं, आणि त्यात घरातल्याच कुणा पुरुषाने वाकडं पाऊल टाकलं तर बदनामी मात्र तिची. पुण्यात काशीबाई नावाच्या एका विधवेने बदनामीच्या भीतीने पोटचं मूल मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या प्रकरणानंतर १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल हवं तर न्या, नाहीतर ठेवून जा. बाळंतपणं सावित्रीबाई करत. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत हा अशाच एका विधवेचा. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येच्याच गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्याची झाली. तेव्हा वर्तमानपत्रं बायकांच्या नीतीवर तुटून पडली, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. हे पुस्तक १८८२ मध्ये छापलं गेलं. जे दोष तुम्ही आमच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का, हा सवाल त्यांनी पुरुषांना इतक्या धारदार भाषेत विचारला, की जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातल्या काहींनाही तो झोंबला. ताराबाईंच्या पाठीशी जोतीराव उभे राहिले. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक लिहिलं नाही.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी मंडळींनी संप केला: यापुढे विधवेच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. पुरुषांच्या बाजूने झालेल्या कामांत मला हे काम विशेष मोलाचं वाटतं. भाषण न देता, ज्या हातांनी तो अपमान रोज होत होता ते हातच त्यांनी मागे घेतले.

देवरुखच्या जोशांची गोदूबाई आठव्या-नवव्या वर्षी विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनात ती शिकली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. लग्नानंतर ती आनंदीबाई झाली, घरात बाया. अभिनंदन करणारे पुण्यात होते. पण कर्व्यांचं गाव मुरूड, तिथे सभा भरून ठराव झाला. कर्वे जिथे असतील त्या बैठकीला कुणी बसायचं नाही, आणि आई-भावाने त्यांना घरात घेतलं तर त्या कुटुंबालाही वाळीत टाकायचं. म्हाताऱ्या सासूला मुलगा की गाव, असं निवडायला लावलं गेलं. ही शिक्षा कर्व्यांना झाली असं आपण म्हणतो. पण सोयरेधायरे, सणवार, हळदीकुंकू, पोरांची बारशी या सगळ्यातून खरी बाहेर पडली ती बाया. पुरुषाला कॉलेज होतं, मित्र होते, संस्था होती. बाईचं जग शेजारपाजारातच होतं आणि ते तिच्या तोंडावर बंद झालं. त्यांनी 'माझे पुराण' या आत्मकथेत हे सगळं लिहिलं, रडगाणं न गाता, कोकणी बाईच्या ठसक्यात. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिचंही तसंच. केशवपन झालेली ही विधवा कर्व्यांनी काढलेल्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरली, आणि १९१२ मध्ये तिने पुन्हा केस राखले. मध्यमवयात. ज्या लोकांकडे वर्गणी मागायची त्यांच्याच पुढे असं जाऊन उभं राहायचं होतं.

या सगळ्या जणींनी लिहून ठेवलं, ही आपल्यावरची मोठी कृपा आहे. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाई जोशांचं चरित्र लिहिलं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. रमाबाई रानड्यांनी, बायांनी, पार्वतीबाईंनी आपली कहाणी आपण सांगितली. ज्यांनी लिहिलं नाही त्यांची संख्या किती असेल! शाळेच्या वाटेवर खडे लागले म्हणून दुसऱ्या दिवशी घरीच बसवलेल्या मुली, सावित्रीबाईंच्या वर्गातून ज्यांची नावं गळाली त्या, ज्यांना घरच्यांनी दोन दिवस शिकू दिलं आणि तिसऱ्या दिवशी पाटी काढून घेतली त्या. त्यांना भित्र्या म्हणायची माझी हिंमत नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने एकटीने किती रस्ता चालायचा?

कलम ५०९ मध्ये २०१३ साली शिक्षा वाढून तीन वर्षांपर्यंत झाली. त्याच वर्षी बाईचा पाठलाग करणं हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि ५०९ चं कलम तिच्यात ७९ झालं. भिडे वाड्याची जुनी इमारत २०२३ साली पाडली गेली, तिथे मुलींच्या पहिल्या शाळेचं स्मारक करायचं ठरलं. दर ३ जानेवारीला महाराष्ट्रात बालिका दिन असतो, शाळाशाळांतून मुली कपाळावर आडवी चिरी लावून सावित्रीबाई होतात आणि भाषणं पाठ करून म्हणतात. ती भाषणं जरूर व्हावीत. पण तुमच्या घरातली मुलगी कधी म्हणाली, की मला शाळेचा, क्लासचा रस्ता बदलायचा आहे, किंवा त्या बसने जायचं नाही, तर लगेच तिचा रस्ता बदलू नका. तिथे कोण बसतं ते आधी विचारा, ती सांगते त्यावर विश्वास ठेवा, तू तिकडे गेलीसच कशाला हा प्रश्न विचारू नका, आणि पोलिसांत जायची वेळ आली तर तिच्याबरोबर चला.